पत्रापासून पडद्यापर्यंत : ख्रिस्ती शिष्यत्व आणि त्याची साधने

प्रस्तावना

‘शिष्य’ या शब्दासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. पण येशूचे शिष्य वर्गात बसून शिकले नाहीत. ते त्याच्याबरोबर चालले, जेवले, चुकले आणि त्यांनी त्याची बोलणीही खाल्ली. भारतीय वाचकाला हे परके वाटणार नाही. गुरूच्या घरी राहून विद्या मिळवण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. शिष्यत्व म्हणजे माहिती गोळा करणे नव्हे. एका माणसाचे जगणे जवळून पाहत स्वतःचे जगणे बदलत नेणे म्हणजे शिष्यत्व, हे प्रथम लक्षात घ्या.

इथेच या पाठाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. गुरू दूर असेल, किंवा मंडळीच जवळ नसेल, तर शिष्याने काय करावे? आज अनेक ख्रिस्ती माणसे मोबाइलवर पवित्र शास्त्र वाचतात, प्रार्थनेचे अॅप वापरतात, व्हॉट्सअॅपच्या गटात एकमेकांना वचने पाठवतात, दूरच्या शहरातली उपासना पडद्यावर पाहतात. हा सगळा प्रकार नवा वाटतो, आणि काही अंशी तो नवा आहेही. पण दूर असलेल्या माणसाला शिष्य म्हणून घडवायचे कसे, हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे. प्रत्येक काळाने त्याला आपल्या हातातल्या साधनाने उत्तर दिले. त्या उत्तरांचा इतिहास पाहिला, तर आजच्या साधनांकडे कसे पाहावे याचे काही निकष आपल्या हाती लागतात.

१. पत्र आणि पत्र घेऊन जाणारे माणूस

नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी २१ पुस्तके पत्ररूप आहेत. संत पौल एका शहरात मंडळी उभी करी, पुढच्या शहरी जाई आणि मागे राहिलेल्यांना पत्राने शिकवी. रोमी साम्राज्यात सरकारी टपाल होते, पण ते सरकारी कामासाठी. सामान्य माणसाचे पत्र ओळखीच्या प्रवाशाबरोबरच जाई. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. तेच पत्र घेऊन ती रोमला गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कलस्सैकरांस पाठवलेल्या पत्रात तो सांगतो, की हे पत्र वाचून झाल्यावर लावदिकीया येथील मंडळीतही वाचले जावे.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, पत्र एकट्याने वाचायचे नव्हते. ते जमलेल्या मंडळीत मोठ्याने वाचले जाई. दुसरी, पत्राबरोबर माणूस येई. वाक्याचा अर्थ कळला नाही तर विचारायला कोणीतरी समोर असे. योहानाच्या नावाने असलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्रांचा शेवट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते शाईने लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटून बोलावे, असा आशय तिथे येतो. साधन वापरणाऱ्यानेच साधनाची मर्यादा सांगून ठेवली आहे.

दुरून येणाऱ्या आवाजाची पारख कशी करायची, हाही प्रश्न त्याच काळात उभा राहिला. पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याचा आरंभ या सुमाराची ‘डिडाखे’ म्हणजे ‘शिकवण’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे. तिची जुनी प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि १८८३ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांविषयी तिच्यात अगदी व्यवहारी नियम आहेत. आलेल्याचे स्वागत करावे. तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन दिवस. तीन दिवस राहिला तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. आणि जो शिकवतो पण शिकवल्याप्रमाणे वागत नाही, त्याच्यापासून सावध राहावे. हे नियम पुढे पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहेत.

२. छापखाना : घराच्या भिंतीवरचा पाठ

हस्तलिखितांच्या काळात पुस्तक ही महाग वस्तू होती. सामान्य माणसाचे धर्मज्ञान ऐकण्यावर, चित्रांवर आणि सणांवर अवलंबून असे. १४५५ च्या सुमारास जर्मनीतील माइन्झ येथे गुटेनबर्गने बायबल छापले आणि चित्र बदलू लागले. मार्टिन लूथरचा जर्मन नवा करार सप्टेंबर १५२२ मध्ये निघाला. पण शिष्यत्वाच्या इतिहासात त्याहूनही महत्त्वाची ठरली ती १५२९ ची त्याची ‘लहान प्रश्नोत्तरावली’.

ती कशी जन्मली हे पाहा. सॅक्सनी प्रांतातील गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी झाली, तेव्हा लोकांना दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नाही, असे लूथरला आढळले. धर्मसुधारणेचे साहित्य बाजारात भरभरून विकले जात होते, आणि घरात मात्र हा अंधार. म्हणून त्याने सोप्या भाषेत प्रश्न आणि उत्तरे लिहिली. ती प्रथम भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापली गेली. ‘याचा अर्थ काय?’ असे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. घरच्या कर्त्याने मुलामाणसांना आणि नोकरांना हे शिकवावे, अशी त्याची योजना होती. छापील कागद घरात येणे पुरेसे नाही. त्या कागदाभोवती विचारणारा आणि सांगणारा असे दोघे बसले पाहिजेत, हे लूथरने ओळखले होते.

भारतात छपाईचा आरंभ गोव्यात १५५६ मध्ये झाला. तिथले चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने लिहिलेले, ओवीबद्ध मराठीतील ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्यामुळे मराठी मजकूर रोमन अक्षरांत छापावा लागला. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का लिहिला, याचे कारण ग्रंथाच्या आरंभीच येते. पूर्वीची पुराणे वाचायला बंदी झाली; मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काय देता, असा प्रश्न नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो. हा प्रश्न मोकळ्या वातावरणात विचारलेला नव्हता. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. तरीही हे पुराण लोकांनी आपलेसे केले, आणि रविवारी व सणांच्या दिवशी ते देवळांत वाचले जाऊ लागले.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर तीन वर्षांत बंद करण्याचा हुकूम काढला. हुकूम निघाला तरी ओव्या टिकल्या, कारण त्यांच्या हस्तलिखित प्रती घरांतून, हातोहात फिरत राहिल्या. १९०७ मध्ये मंगळूर येथे या ग्रंथाची नवी छापील आवृत्ती निघाली. साधन सत्तेच्या हाती असते, पण ते टिकवतात वापरणारी माणसे, हे इथे दिसते.

३. मराठी मुलखातील दोन उदाहरणे

एकोणिसाव्या शतकात श्रीरामपूर येथे विल्यम केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक भारतीय भाषांत बायबलची भाषांतरे छापली. त्यांतील मराठी मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ चे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि पुढे त्यांनी तिथे छापखाना घातला. १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. आता दूरच्या वाचकापर्यंत विचार नियमितपणे पोचू लागला, आणि वाचकालाही उलट लिहिता येऊ लागले.

या छापील साहित्याने एका माणसावर काय परिणाम केला, हे नारायण वामन टिळकांच्या चरित्रात दिसते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या अनोळखी माणसाने त्यांना नवा करार दिला आणि टिळकांनी तो वाचण्याचे कबूल केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक देणारा माणूस पुढच्या स्टेशनावर आयुष्यातून निघून गेला. वाचन, शंका आणि घरच्यांपासून होणाऱ्या ताटातुटीची भीती मात्र टिळकांना सोसावी लागली.

या निर्णयाची किंमत त्यांच्या एकट्याची नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सारा काळ मराठी वाचकांपुढे ठेवला. टिळकांनी आयुष्याच्या उत्तरार्धात ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले, अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही चळवळ काढली. छापील पानाने सुरू झालेली वाट ते पुन्हा माणसांच्या बैठकीकडे घेऊन आले.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. शास्त्र्यांच्या मराठीतले बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची अडचण होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. हे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या आणि मुलींच्या हातांनी छापले गेले. खिळे जुळवणारी मुलगी तीच पाने वाचतही होती. ज्यांच्यासाठी साधन तयार करायचे, त्यांच्याच हाती ते देणे हा रमाबाईंचा धडा आजही फारसा गिरवला जात नाही.

४. लघुलहरी आणि कुंपणाचे खांब

१२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. त्याची उभारणी स्वतः मार्कोनीने केली होती. भारतात आकाशवाणी सरकारी असल्यामुळे ख्रिस्ती प्रसारण बहुधा बाहेरच्या लघुलहरी केंद्रांवरून होई. मनिला येथून १९४८ मध्ये आणि सेशल्स बेटांवरून १९७० मध्ये अशी केंद्रे सुरू झाली. भारतीय भाषांतले कार्यक्रम ट्रान्झिस्टरवर ऐकू येत. निवेदक शेवटी टपालाचा पत्ता सांगत, श्रोते पत्रे लिहीत, आणि उत्तरादाखल बायबलच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाची पहिली पुस्तिका घरी येई. आजच्या भाषेत सांगायचे तर ध्वनिप्रसारण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यांची ती जोडी होती; मधला दुवा पोस्टमन होता.

याच सुमारास मध्य अमेरिकेत एक प्रयोग झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन धर्मशिक्षण संस्थेपुढे अडचण अशी होती, की शिकून तयार झालेली तरुण मुले खेड्यात परतत नसत. उलट खेड्यातल्या मंडळ्या प्रत्यक्षात चालवणारे शेतकरी आणि कामकरी घरसंसार सोडून शिकायला येऊ शकत नसत. १९६३ मध्ये संस्थेने दिशाच उलटी केली. विद्यार्थ्याला संस्थेकडे न आणता, शिक्षणच विद्यार्थ्याकडे न्यायचे. घरी अभ्यासायला स्वयंअध्ययनाची पुस्तिका; आठवड्यातून एकदा जवळच्या ठिकाणी शिक्षकाबरोबर गटाची बैठक; आणि मधल्या दिवसांत आपापल्या मंडळीतले रोजचे काम. या पद्धतीला ‘विस्तारित धर्मशिक्षण’ म्हणता येईल. भारतात याच पद्धतीने काम करणारी टॅफ्टी ही संस्था १९७१ मध्ये बेंगळुरू येथे स्थापन झाली. नोकरी करणारे, घर सांभाळणारे अनेक जण तिच्या गटांतून शिकले.

टेड वॉर्ड या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने ही पद्धत समजावून देण्यासाठी कुंपणाची उपमा वापरली. डोळ्यांपुढे शेताचे कुंपण आणा. दोन आडवे वासे आहेत : एक वासा अभ्यासाचा, दुसरा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा. पण नुसते वासे हवेत राहत नाहीत. ठरावीक अंतरावर खांब लागतात. हे खांब म्हणजे गटाच्या बैठका. तिथे वाचलेले आणि जगलेले एकमेकांना भिडते. वासा कितीही उत्तम असो, खांब नसतील तर कुंपण जमिनीवर पडते. ही उपमा ध्यानात ठेवा. पुढच्या भागात आपण तिनेच मोजणार आहोत.

५. इंटरनेट : शोध, वाचन आणि सवय

बायबलमध्ये एखादा शब्द कुठे कुठे आला आहे हे शोधायला पूर्वी शब्दसूची लागे. अलेक्झांडर क्रूडेनची प्रसिद्ध इंग्रजी सूची १७३७ ची. ती करायला एका माणसाला वर्षे खर्ची घालावी लागली. १९९३ मध्ये अमेरिकेतील कॅल्विन कॉलेजात ‘बायबल गेटवे’ सुरू झाले आणि तोच शोध काही क्षणांत होऊ लागला. १९९९ मध्ये आयर्लंडमधील जेझुइटांनी ‘सेक्रेड स्पेस’ सुरू केले. संगणकासमोर बसलेल्या माणसाला दहा मिनिटांची प्रार्थना पायरीपायरीने करता यावी, एवढाच त्याचा हेतू होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, पण ते दीर्घकाळ शहरी आणि इंग्रजीच राहिले.

जुलै २००८ मध्ये अमेरिकेतील एका चर्चने ‘यूव्हर्जन’ हे बायबल अॅप काढले. २०२१ पर्यंत ते ५० कोटी उपकरणांवर उतरवले गेले होते. त्यात मराठी बायबलही वाचता येते. रोजच्या वाचनाच्या योजना, आठवण करून देणारी घंटी, सलग किती दिवस वाचले याची मोजणी, मित्रांबरोबर वाचण्याची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये. २०१६ नंतर भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ही साधने खेड्यापर्यंत पोचली. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकताही येऊ लागले. यामुळे खरोखर काय बदलले? नोकरीसाठी दूरच्या राज्यात गेलेला, जवळपास मराठी मंडळी नसलेला माणूस आपल्या भाषेत शास्त्र वाचू शकतो. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस उपासनेत सामील होते. घरात एकटीच विश्वास ठेवणारी सून कोणाला न दाखवता वाचू शकते. टिळकांना रेल्वेच्या डब्यात मिळाले ते हिला खिशात मिळाले.

पण सलग दिवसांची मोजणी आणि शिष्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत प्रत्येक साधूला उपवासकाळाच्या आरंभी एक पुस्तक वाचायला द्यावे, असा नियम आहे. वाचनाच्या वेळी कोणी आळसाने बसला तर त्याला सांगायला एकदोन ज्येष्ठ साधू मठात फिरत असत. अॅपची घंटी वाचायची आठवण करते. ‘आज तू उदास का दिसतोस?’ हे विचारायला तो ज्येष्ठच लागतो.

६. दोन प्रयोग, एकच वर्ष

२००४ मध्ये इंग्लंडमध्ये दोन प्रयोग झाले; त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिला ‘चर्च ऑफ फूल्स’. पडद्यावर त्रिमितीय चर्च, त्यात वावरणाऱ्या पात्रांना गुडघे टेकता येत, हात वर करता येत, एकमेकांशी बोलता येई. मेथडिस्ट चर्चने त्याला पाठबळ दिले होते. लोकांची गर्दी उसळली. त्याबरोबर टवाळखोरही आले; व्यासपीठावर चढून शिवीगाळ होऊ लागली. शेवटी व्यवस्थापकांना देखरेख करणारे नेमावे लागले आणि उपद्रवी पात्राला बाहेर काढण्याची सोय करावी लागली. तीन महिन्यांच्या या प्रयोगाने एक गोष्ट दाखवली : दार सर्वांना उघडे ठेवले, की दारावर कोणीतरी उभे राहावेच लागते.

दुसरा ‘आय-चर्च’. इंग्लंडच्या चर्चमधील ऑक्सफर्ड धर्मप्रांताने तो काढला. बेनेडिक्टच्या परंपरेतील जीवननियमाची प्रेरणा घेऊन त्याची रचना केली होती. सभासद व्हायचे, लहान गटात राहायचे, पाळकीय काळजी घेणारे कोणीतरी असायचे. पहिल्या प्रयोगात देऊळ पडद्यावर आणले गेले. दुसऱ्यात नियम आणि नाती आणण्याचा प्रयत्न झाला. वॉर्डच्या उपमेने पाहा : पहिल्याला वासे देखणे होते, दुसऱ्याने आधी खांब रोवले.

याच काळात इटलीत कार्लो अॅक्युतिस हा मुलगा वाढत होता. १९९१ चा जन्म, संगणकाची आवड. ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ त्याने तयार केले. १२ ऑक्टोबर २००६ रोजी वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. त्याला ‘इंटरनेटचा संत’ म्हणतात, पण त्याचा दिनक्रम पाहिला तर रोजची मिस्सा आणि गरिबांना मदत या गोष्टी आधी येतात. संगणक त्या दिनक्रमाच्या सेवेला होता.

७. २०२० : बंद दारे

कॅथलिक चर्चने २००२ मध्येच ‘चर्च आणि इंटरनेट’ या दस्तऐवजात आपली भूमिका स्पष्ट केली होती. इंटरनेटमुळे माणूस विश्वासाकडे येऊ शकतो. पण संस्कार इंटरनेटवरून होत नाहीत, असे त्यात सांगितले आहे. अठरा वर्षांनी या वाक्याची कसोटी लागली. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस रिकाम्या, पावसाने भिजलेल्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करत होते. भारतात २५ मार्चपासून टाळेबंदी होती. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण लोकांनी घरातच पाळला.

उपासना पडद्यावर आली. पण प्रभुभोजनाचे काय? काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी घरात भाकर आणि प्याला ठेवून पाळकाबरोबर तो विधी करायला मोकळीक दिली. काहींनी एकत्र जमेपर्यंत थांबायचे ठरवले. कॅथलिकांनी मनोमन ख्रिस्ताला स्वीकारण्याच्या जुन्या प्रार्थनेचा आधार घेतला. हा वाद तांत्रिक नव्हता. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असा आहे, की शब्द देह झाला. मग देहाविना, स्पर्शाविना, एका ताटाविना मंडळी किती काळ मंडळी राहते? अंत्यविधीला चारच माणसे उभी असताना, पडद्यावरून रडणाऱ्या नातेवाइकांना हा प्रश्न पुस्तकी वाटला नसेल.

त्याच वेळी अनेक मंडळ्यांत दुसरीही गोष्ट घडली. व्हॉट्सअॅपच्या गटांवरून कोणाच्या घरी शिधा संपला, कोणाला औषध हवे, हे कळू लागले आणि कोणीतरी पिशवी घेऊन दारात पोचू लागले. पडद्यावरचा निरोप पायांनी पूर्ण झाला. फिबीने पत्र नेले होते, तसेच हे.

८. मूल्यमापन : चार निकष

आतापर्यंतच्या इतिहासातून, ऑनलाइन साधन शिष्यत्वाला किती उपयोगी आहे हे पारखण्यासाठी आपल्याला चार निकष मांडता येतात.

पहिला, खांबाचा निकष. हे साधन तुम्हांला एखाद्या प्रत्यक्ष गटाकडे, निदान एका नाव माहीत असलेल्या माणसाकडे नेते का? नेत नसेल तर तो नुसता वासा आहे.

दुसरा, उलट प्रश्नाचा निकष. लूथरच्या प्रश्नोत्तरावलीत विचारणारा होता, स्टीफन्सच्या पुराणातही आहे. जिथे फक्त ऐकायचे आणि पसंतीची खूण द्यायची, तिथे श्रोता तयार होतो, शिष्य तयार होईलच असे नाही.

तिसरा, डिडाखेचा निकष. शिकवणारा पैसे मागतो का? तो शिकवतो तसे जगतो का, हे पाहू शकेल असे कोणी त्याच्या जवळ आहे का? लाखो अनुयायी असलेला उपदेशक कोणाला उत्तरदायी आहे, हे विचारण्यात अश्रद्धा नाही. ती पहिल्या शतकापासूनची खबरदारी आहे.

चौथा, रमाबाईंचा निकष. साधन कोणाच्या भाषेत आणि कोणाच्या ताब्यात आहे? प्रार्थनेचे अॅप माणसाची अतिशय खासगी दुःखे ऐकते. ती नोंद कुठे साठते, कोण वाचू शकते, हे वापरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. घरात एकटीच विश्वास ठेवणाऱ्या सुनेच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

या निकषांवर काही विद्यार्थी आक्षेप घेतील : जिला प्रत्यक्ष गट मिळूच शकत नाही, तिने काय करावे? आक्षेप योग्य आहे. अशा व्यक्तीसाठी पडदा हीच मंडळीची पायरी असते, आणि तिला कमी लेखणे इतिहासाला धरून नाही. मात्र मग जबाबदारी तिच्यावर नाही, मंडळीवर येते. ग्वाटेमालात शेतकऱ्याला दोष न देता संस्थाच उठून त्याच्याकडे गेली. ज्या मंडळीला पडद्यापलीकडच्या एका माणसाचे नाव ठाऊक आहे आणि जी आठवड्यातून एकदा त्याची विचारपूस करते, तिने खांब रोवला असे म्हणता येईल.

सारांश

पत्र, पुस्तक, नियतकालिक, रेडिओ, पत्रद्वारा अभ्यास आणि मोबाइल ही ख्रिस्ती शिष्यत्वाची ओळीने आलेली साधने होत. प्रत्येकाने शिकवण अधिक दूर नेली. प्रत्येकाच्या बाबतीत शिकवण रुजली ती तिथेच, जिथे साधनाभोवती विचारणारी आणि उत्तर देणारी माणसे जमली. ऑनलाइन साधनांनी एकट्या माणसासाठी असे दार उघडले, जे पूर्वी कधीच नव्हते. त्या दारातून आत आलेल्याला ‘बस’ म्हणायला कोणी आहे का, हे आता मंडळीने पाहायचे आहे.

स्वाध्याय

१. योहानाच्या नावाने असलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्रांचा शेवट आजच्या ऑनलाइन साधनांच्या संदर्भात कसा वाचता येईल?
२. ‘क्रिस्तपुराण’ हे साधन आणि सत्ता यांच्या संबंधाचे उदाहरण कसे ठरते, ते स्पष्ट करा.
३. टेड वॉर्ड यांची कुंपणाची उपमा समजावून सांगा आणि तुमच्या माहितीतील कोणत्याही एका ऑनलाइन अभ्यासगटाला ती लावून पाहा.
४. टाळेबंदीच्या काळातील प्रभुभोजनाविषयीच्या वादात कोणत्या दोन भूमिका होत्या? तुम्हांला कोणती अधिक पटते, ते कारणांसह लिहा.
५. तुमच्या परिसरातील दोन वयोवृद्ध व्यक्तींना रेडिओ किंवा टपाल यांच्याद्वारे त्यांना मिळालेल्या धर्मशिक्षणाविषयी विचारा आणि त्यांची उत्तरे आजच्या अनुभवाशी ताडून पाहा. परिसरात ख्रिस्ती कुटुंब नसेल, तर आपापल्या परंपरेतील कीर्तन किंवा प्रवचन रेडिओवर ऐकणाऱ्यांशी बोला. प्रश्न तोच राहील.